होडीचे तेल ग्रासकटरला चालेल का?

होडीच्या आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनासाठी आणलेले टू-स्ट्रोक तेल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल, बागेतल्या ग्रासकटरलाही चालेल का, या प्रश्नाला काहीजण ‘तेल ते तेल, काही फरक पडत नाही’ असे उत्तर देतात. त्याच्याशी मी सहमत नाही. आउटबोर्ड इंजिन पाण्याने थंड होते, म्हणून त्यासाठीच्या टीसी-डब्ल्यू३ दर्जाच्या तेलात राख न सोडणारी द्रव्ये घातलेली असतात आणि गंजरोधावर भर असतो. ग्रासकटर किंवा चेनसॉ मात्र केवळ हवेने थंड होते आणि उन्हात बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालते. तेथे टीसी-डब्ल्यू३ अपुरे पडते, पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत कार्बन साचतो आणि रिंगा चिकटतात. शंका असल्यास सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून) पिस्टन पाहावा. उभे ओरखडे असतील तर ते तेथूनच दिसतात.

अशा यंत्रासाठी डब्यावर जेएएसओ एफडी हा शिक्का (जपानी मानकानुसार टू-स्ट्रोक तेलाचा दर्जा) पाहावा. त्याच मानकातले एफसी दर्जाचे तेलही कमी धुराचे असते, पण इंजिन स्वच्छ ठेवण्यात एफडी सरस आहे.

पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे: ५०:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेण्याची सवय (ती आपल्याकडे सर्रास दिसते) सोडून मापपात्र वापरावे. फोर-स्ट्रोक ग्रासकटरच्या पेट्रोलमध्ये मात्र सहसा तेल मिसळायचे नसते.