मदत हवी आहे : कोसिजिन यांच्या १९६५च्या आर्थिक सुधारणा नेमक्या कुठे अडल्या?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात मला सोव्हिएत संघाचे पंतप्रधान अलेक्सेई कोसिजिन यांच्यावर बोलायचं आहे. आपल्याकडे हे नाव निघालं की गाडी ताश्कंदला जाते आणि तिथेच थांबते. ते साहजिकही आहे. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी आणि अयूबखान यांच्यात बोलणी फिसकटू नयेत म्हणून कोसिजिन दोघांकडे येरझाऱ्या घालत होते. आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून तिथेच होते. १० तारखेला सह्या झाल्या, त्याच रात्री शास्त्रीजी गेले आणि त्यांच्या शवपेटीला अयूबखानांबरोबर कोसिजिन यांनी खांदा दिला. पण हा माणूस १९६४ ते १९८० एवढा काळ पंतप्रधान होता, सोव्हिएत संघात दुसरं कुणीच एवढं टिकलं नाही. त्याबद्दल मराठीत फारच थोडं सापडतं.

मूळचा हा कापडगिरणीतला माणूस. जन्म १९०४चा, सेंट पीटर्सबर्गच्या (म्हणजे पुढच्या लेनिनग्राडच्या) कामगार घरातला. काही वर्षं सैबेरियात सहकारी संस्थांमध्ये नोकरी, मग लेनिनग्राडच्या वस्त्रोद्योग संस्थेत शिक्षण, गिरणीत फोरमन, १९३७ मध्ये संचालक आणि १९३९ मध्ये थेट वस्त्रोद्योगाचा मंत्री! स्टालिनच्या सफाईत वरच्या जागा धडाधड रिकाम्या होत होत्या, हे त्यामागचं भीषण कारण. युद्धात दीड हजारांहून जास्त कारखाने पूर्वेला हलवण्याच्या कामात ते पुढे होते. १९४२च्या जानेवारीत जर्मन वेढ्यातल्या लेनिनग्राडला गेले. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून त्या हिवाळ्यात पाच लाखांहून अधिक माणसं बाहेर काढली गेली आणि बर्फ वितळल्यावर सरोवराच्या तळाशी इंधनाची नळवाहिनी टाकली गेली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथपासून.

माझी पहिली अडचण १९४९-५०च्या ‘लेनिनग्राड प्रकरणा’ची, म्हणजे लेनिनग्राडमधून वर आलेल्या नेत्यांवर स्टालिनने चालवलेल्या खटल्यांची. नियोजन मंडळाचे प्रमुख राहिलेले वोझ्नेसेन्स्की आणि पक्षाचे चिटणीस राहिलेले कुझ्नेत्सोव्ह यांना गोळ्या घातल्या गेल्या. कोसिजिन त्याच शहरातून वर आलेले, शिवाय कुझ्नेत्सोव्हशी सासरकडून नातं. तरी ते वाचले. पद घसरलं, १९५३ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळातूनही गेले, पण जीव वाचला. का? केवळ कामाचा माणूस म्हणून स्टालिनने ठेवलं, हे उत्तर मला पुरत नाही. वोझ्नेसेन्स्कीही कामाचाच होता.

मुख्य प्रश्न मात्र १९६५चा. तोवर कारखान्याचं यश एकूण उत्पादनावर मोजलं जायचं. किती मीटर, किती टन. माल दुकानात पडून राहिला तरी योजना ‘पूर्ण’. १९६४ मध्ये मॉस्कोची ‘बोल्शेविच्का’ आणि गोर्की शहरातली ‘मायाक’ या तयार कपड्यांच्या दोन कारखान्यांत एक प्रयोग झाला. दुकानांनी मागणी नोंदवायची, कारखान्याने तेवढंच आणि तसंच शिवायचं. गिरणीत वाढलेल्या माणसाला यातलं मर्म कळणारच. सप्टेंबर १९६५ मध्ये कोसिजिन यांनी हाच विचार देशभर न्यायचं ठरवलं: विक्री आणि नफा यांवर कारखाना जोखायचा, नफ्यातला काही भाग बोनस, घरं आणि यंत्रांसाठी त्यालाच ठेवू द्यायचा.

पण त्याच वेळी आधीचे पंतप्रधान क्रुश्चेव्ह यांनी मोडलेली केंद्रीय मंत्रालयं परत आणली. किंमती वरून ठरणार, कच्चा माल वरून येणार. मग व्यवस्थापकाच्या हातात उरलं काय? माझं मत असं, की सुधारणेचा गळा तिच्याच जन्मपत्रात आवळलेला होता. १९६८च्या प्राग प्रकरणानंतर (चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणा सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यानंतर) ‘बाजार’ या शब्दालाच संशयाचा वास लागला आणि १९७३ नंतर तेलाचे भाव वाढून तेलविक्रीतून पैसा येऊ लागला तेव्हा घाई करण्याचं कारणच संपलं. तुम्ही यातलं कशाला जास्त वजन द्याल? की पक्षाचे प्रमुख ब्रेझनेव्ह यांना पंतप्रधानाचं वाढतं वजन सहन झालं नाही, हेच खरं कारण?

शेवटच्या मुद्द्यासाठी दोन सह्या बघा. ऑगस्ट १९७० मध्ये पश्चिम जर्मनीशी मॉस्को करार झाला, त्यावर तिथले चान्सलर विली ब्रांट यांच्यासमोर सही कोसिजिन यांची. मे १९७२ मध्ये निक्सन मॉस्कोला आले, तेव्हा अण्वस्त्रमर्यादा करारावर सही ब्रेझनेव्ह यांची, आणि तेव्हा ते ना राष्ट्रप्रमुख होते ना पंतप्रधान, फक्त पक्षाचे सरचिटणीस. या पावणेदोन वर्षांत पॉलिटब्यूरोत (पक्षाच्या सर्वोच्च मंडळात) नेमकं काय ठरलं, यावर विश्वासार्ह वाचन कुणी सुचवेल का? आठवणींची पुस्तकं नकोत असं नाही, पण बैठकींच्या नोंदी मिळाल्या तर हव्याच आहेत. अशा नोंदींची किंमत केवढी असते ते मार्च १९७९च्या एका संभाषणावरून कळतं. अफगाणिस्तानचे तेव्हाचे सत्ताधीश तराकी फोनवर सोव्हिएत सैन्य मागतायत आणि कोसिजिन शांतपणे एकेक अडचण पुढे करतायत. त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्य अफगाणिस्तानात गेलंच.

आणखी एक विनंती. ओझरच्या मिग कारखान्यातून किंवा पवईच्या आयआयटीतून १९६०-७०च्या दशकात तिकडे प्रशिक्षणाला गेलेलं कुणी घरात, ओळखीत असेल, तर कृपया विचारून सांगा: तिथल्या कारखान्यात बोनस कशावर ठरायचा? फलकावर काय लिहिलेलं असायचं, टन की नफा? कागदावरची सुधारणा यंत्रापर्यंत पोहोचली होती का, ते अशाच आठवणींतून कळेल. रशियन वाचणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सप्टेंबर १९६५च्या भाषणाची मूळ प्रत माझ्याकडे आहे. त्यातला किंमतींबद्दलचा भाग मला नीट समजून घ्यायचा आहे.