नोंदणीच्या संकेतस्थळाची लोड टेस्टिंग : साधन बदलावे की सर्व्हर वाढवावा?

धागाकर्ता :
नमस्कार. नोंदणी खुली होताच आमच्या संकेतस्थळावर एकाच वेळी सुमारे 2,000 वापरकर्ते येतील, असा अंदाज आहे. जेमीटर या भार-चाचणीच्या साधनात 2,000 थ्रेड (म्हणजे आभासी वापरकर्ते) लावून चाचणी घेतली असता सर्व्हर लगेच मान टाकतो. के6 किंवा लोकस्ट या तशाच दुसऱ्या साधनांकडे वळावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
दोन विनंत्यांच्या मधला थांबा, म्हणजे थिंक टाइम, आपण ठेवला आहे का? खरा माणूस पान वाचतो, रकाने भरतो आणि मग बटण दाबतो. प्रत्येक जण साधारण 20 सेकंदांनी पुढची विनंती पाठवीत असेल, तर 2,000 जणांचा भार सेकंदाला 100 विनंत्यांइतकाच होतो. थांबा नसेल आणि उत्तर 200 मिलिसेकंदांत येत असेल, तर तेच 2,000 थ्रेड सेकंदाला 10,000 विनंत्यांचा मारा करू पाहतात. तेव्हा वापरकर्ते मोजण्याऐवजी विनंत्यांचा दर ठरवावा. जेमीटर पुरेसे आहे. मात्र मुख्य चाचणी त्याच्या खिडकीतून न चालवता कमांड लाइनवरून चालवावी, अन्यथा भार निर्माण करणारे यंत्रच आधी दमते.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. थ्रेडची संख्या ठरलेली असली की सर्व्हर मंदावताच थ्रेडही उत्तराची वाट पाहत बसतात, विनंत्यांचा दर आपोआप घटतो आणि अहवाल प्रत्यक्षाहून गोजिरा दिसतो. नोंदणीच्या दिवशी येणारे लोक मात्र तुमचा सर्व्हर मंद आहे म्हणून यायचे थांबत नाहीत. के6 मधील ‘कॉन्स्टंट अरायव्हल रेट’ (उत्तराची वाट न पाहता ठरलेल्या दराने विनंत्या पाठवत राहणे) याचसाठी आहे. तसेच सरासरीवर विसंबू नये : 100 पैकी 95 विनंत्यांना 0.2 सेकंद आणि 5 विनंत्यांना 10 सेकंद लागले, तरी सरासरी 0.69 सेकंदच येते. 95 वा आणि 99 वा पर्सेंटाइल, म्हणजे अनुक्रमे 95 व 99 टक्के विनंत्या जितक्या वेळाच्या आत पूर्ण होतात तो वेळ, पाहावा.

धागाकर्ता :
आभारी आहे. थांबा ठेवलेला नव्हता. तो ठेवून सेकंदाला 100 विनंत्यांनी पाहिले, तरी अधूनमधून त्रुटी येतात. सीपीयू मात्र निम्मासुद्धा वापरला जात नाही. दोन ॲप सर्व्हर असून मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे.

प्रतिसाद २ :
मग सर्व्हर वाढवण्याची घाई करू नये. पोस्टग्रेसची एकाच वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा 100 असते आणि त्यांपैकी 3 सुपरयुझरसाठी (डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्यासाठी) राखीव असतात. प्रत्येक ॲप सर्व्हरचा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, 60 चा असेल, तर दोघांची मागणी 120 वर जाते आणि तिसरा सर्व्हर जोडल्यास परिस्थिती आणखी चिघळते. डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘टू मेनी क्लायंट्स’ (जोडण्यांची मर्यादा भरली) असा संदेश आढळतो का, ते आधी तपासावे. आढळल्यास दोन्ही पूल 40 वर आणून तीच चाचणी, त्याच दराने, पुन्हा घ्यावी.