संत्र्याचा रस बाटलीत कडू होतो, याचा पेशीच्या चॅप्टरशी काही संबंध आहे का?

सदरची_आई
नमस्कार मंडळी. पोरगी अकरावी सायन्सला आहे, सध्या पेशीचा चॅप्टर सुरू. सकाळी मी तिला संत्र्याचा रस मिक्सरमधून काढून बाटलीत देते आणि दुपारी तिचा फोन येतो की आई कडू लागतोय. बाटली बदलली, फळवाला बदलला, तरी तेच, आणि त्याच टोपलीतलं संत्रं सोलून खाल्लं तर मस्त गोड! काल तिने जाहीर केलं की मिक्सरमध्ये लायसोसोम (म्हणे पेशीतल्या पचवणाऱ्या पिशव्या) फुटतात, त्यांना सुसाइड बॅग म्हणतात म्हणून रस कडू होतो. मला काही पटलं नाही पण मी बीकॉमवाली, काय बोलणार. वर म्हणते रिक्तिका म्हणजे नुसती रिकामी जागा, एक मार्काचा प्रश्न. कोणी नीट सांगेल का?

टपरीवरचा_तज्ज्ञ
फळवाला बिचारा फुकट गेला ना ताई 😂 साखर टाका दोन चमचे अन विषय संपवा.

निवृत्त_बायोमास्तर
ताई, पोरीचा अंदाज अर्धा बरोबर आहे, काहीतरी फुटतं हे खरंच. पण फुटते ती रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याने भरलेली पिशवी, जिला ती रिकामी समजते. नावानेच घोळ केलाय, दुसरं काय. फोडीतली ती रसाची बोंडं असतात ना, त्यातल्या पेशीत जवळजवळ सगळी जागा एकटी रिक्तिका खाते, केंद्रक आणि बाकी मंडळी कडेला चिकटून बसलेली. आपण पितो तो रस म्हणजे मुख्यतः या रिक्तिकांमधलं पाणी, त्यात साखर आणि सायट्रिक आम्ल. हे आम्ल तयार होतं तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, तिथल्या क्रेब्ज चक्रात (अन्नातून ऊर्जा काढायची क्रियांची साखळी, क्रेब्जने 1937 मध्ये शोधलेलं तेच, पोरीला पुढे येईलच), आणि साठतं रिक्तिकेत.

आता कडूपणाचं. संत्र्यात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ असतो, पण अख्ख्या फळाच्या गरात तो कडू रूपात फारसा नसतोच, त्याच्या आधीचं एक बिनचवीचं रूप असतं, ते रिक्तिकेच्या आंबट पाण्यापासून वेगळं, बाहेरच्या पेशीद्रव्यात, जिथे आम्लता जवळपास नाही. मध्ये फक्त एक पातळ पडदा. सोलून खाल्लं तर दोघांची भेट होईपर्यंत फोड पोटात गेलेली असते. मिक्सर लावला की पडदा फाटला, आम्ल आणि ते रूप एकत्र आले, आणि तास-दोन तासांत हळूहळू लिमोनिन तयार. उष्णतेने अजून लवकर, म्हणजे नागपूरच्या दुपारी दप्तरातली बाटली, विचारूच नका.

सदरची_आई
बापरे, म्हणजे फळवाल्याची माफी मागावी लागेल. पोरगी विचारतेय की सर, आत एवढं आम्ल आहे तर पेशी स्वतःच का नाही जळत?

निवृत्त_बायोमास्तर
शाब्बास, हा खरा प्रश्न! रिक्तिकेच्या पडद्यावर पंप असतात, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून हायड्रोजन आयन सतत आत ढकलत राहतात. त्यामुळे पेशीद्रव्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 7 च्या आसपास राहतो आणि लिंबासारख्या फळात रिक्तिकेचा अडीचपर्यंत उतरतो. लायसोसोमही असाच पंप वापरून स्वतःला आंबट ठेवतो, फक्त तिथे पीएच साधारण 5. आणि तिला सांगा, वनस्पतीत पचवायचं बरंचसं काम रिक्तिकाच करते, त्यामुळे लायसोसोमचं नाव घेतलं यात फार चुकलं नाही तिचं.

काटोलचा_बगायतदार
मास्तर बरोबर बोलले. आमच्याकडे आंबिया बहारातला (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) सुरुवातीचा माल असला की रस लवकर कडू होते, झाडावर चांगला पिकू दिला की कमी. अन बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, पांढरी साल अन धागे पण काढा, कडूपणा तिथंच जास्त. हाताने पिळला तर फरक दिसन. एक मला सांगा मास्तर, वरून हिरवं अन आतून गोड असं फळ काहून होते? बाजारात लोकं नाक मुरडतात.

निवृत्त_बायोमास्तर
भाऊ, कारण साल आणि गर आपापल्या वेळेने चालतात. गरात रिक्तिकेतलं आम्ल कमी होत जातं, साखर वाढते. सालीत हरितलवकांचं (पेशीतले हिरवे कण) रूपांतर वर्णलवकांत (रंगीत कण) होतं, हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइड नावाची केशरी रंगद्रव्यं दिसू लागतात, पण त्याला रात्री गार लागतात. थंडी उशिरा पडली की साल हिरवीच, आत मात्र फळ तयार.

सदरची_आई
आज प्रयोग केला. एक ग्लास हाताने पिळून, बिया काढून, दुसरा मिक्सरमधून बियांसकट, दोन्ही ओट्यावर ठेवले. तीन तासांनी दुसरा तोंडात धरवेना. पोरीने जर्नलमध्ये रिक्तिकेवर अख्खं पान लिहिलंय, आणि मी फळवाल्याकडून दोन डझन जास्त घेऊन आले.

टपरीवरचा_तज्ज्ञ
तो कडू ग्लास काय केला मग ताई?

सदरची_आई
तिच्या बाबांनी साखर टाकून पिला 😀