संथ नदीवर पंप कुठे आणि किती? (सिटीज: स्कायलाइन्स हा शहर उभारणीचा संगणक खेळ, पहिली आवृत्ती)

रावपुरा_नकाशे: बडोद्याच्या धर्तीवर शहर उभारतोय. विश्वामित्रीसारखी अरुंद, संथ नदी मधून उत्तर-दक्षिण वाहते. वरच्या अंगाला सहा पंप, खालच्या अंगाला सांडपाणी नदीत सोडणारे ड्रेन पाइप. तरी नळाला घाण पाणी येतं, माणसं आजारी पडताहेत. पाइप प्रत्येक रस्त्याखालून टाकलेत. त्यात बचत होईल का?

मांडवीकर: दोष पाइपांत नाही, उपशात आहे. एक पंप आठवड्याला १,२०,००० घनमीटर खेचतो, म्हणजे सहा मिळून ७,२०,०००. संथ नदीला हे झेपत नाही. पंपांपाशी पातळी उतरते आणि खालचं सांडपाणी उलट वर सरकतं. पाण्याच्या इन्फो व्ह्यूमध्ये (माहिती दाखवणाऱ्या नकाशात) प्रवाहाचे बाण पाहा, पंपांजवळ उलटे दिसतील.

आधी तपकिरी पाण्यातले पंप बंद करा (पाडू नका, बटणानेच). तोवर पाण्याच्या टाक्या बांधा. एक टाकी ६०,००० देते, म्हणजे बंद केलेल्या प्रत्येक पंपामागे दोन लागतील. टाकी जमिनीखालचं पाणी घेते, म्हणून कारखाने आणि कचरा डेपो यांच्यापासून लांबच हवी. जाळ्यातली घाण निघायला वेळ लागतो, तोवर इस्पितळांवर ताण राहणारच. मग पंप एकेक करून चालू करा आणि दर वेळी बाण पाहा.

दांडिया_बाजार: पाइपांबद्दल. पाइपभोवतीचा निळा पट्टा जिथवर जातो तिथवरच्या सगळ्या इमारतींना पाणी मिळतं. दोन समांतर ओळींचे पट्टे कडेला जेमतेम भिडतील एवढं अंतर ठेवा, मधल्या गल्ल्यांखालचे पाइप काढून टाका. पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जातं, दोन जाळी नकोत. चढ-उताराचाही प्रश्न नाही. खऱ्या बडोद्यात आजवा तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून उताराने येतं, ते गणित खेळात लागू नाही. मात्र तुटक तुकडा ठेवलात तर त्याला स्वतःचा पंप आणि स्वतःचा निचरा दोन्ही लागतील.

रावपुरा_नकाशे: ड्रेन पाइपऐवजी शुद्धीकरण केंद्र बसवलं तर पंप खाली आणता येतील?

मांडवीकर: नाही. केंद्र ८५ टक्केच घाण काढतं, उरलेली नदीतच जाते. ते पंपांच्या खालीच ठेवा, वळणाच्या आतल्या साचलेल्या पाण्यात नको. आणि पंपांना वीज कमी पडू देऊ नका. वीज गेली की पाणी आणि निचरा एकदमच थांबतात.