रसवाहिनी म्हणजे उसाचा रस वाहणारी नळी का?

करवीरकर: मुलीच्या विज्ञानात 'जलवाहिनी' आणि 'रसवाहिनी' आलंय, झाडाच्या आतल्या वाहक नळ्या. तिचं म्हणणं, चरकातून गळतो तो रस रसवाहिनीतला. कोल्हापूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार! जुन्या जाड पुस्तकांत त्यांनाच अनुक्रमे 'प्रकाष्ठ' आणि 'परिकाष्ठ' असायचं, त्यात निदान हा घोळ नव्हता.

वनस्पतीवाली: दादा, कोयत्यानं ऊस आडवा छाटा आणि बघा. सालीजवळ दाट, गाभ्याकडे विरळ असे ठिपके दिसतील. एकेक ठिपका म्हणजे वाहक वृंद, या नळ्यांची जुडी. जलवाहिन्या त्यात आतल्या अंगाला, रसवाहिन्या बाहेरच्या. ऊस खाऊन चोथा थुंकतो, त्यातले धागे हेच. गोड रस मात्र मुख्यतः ठिपक्यांच्या मधल्या मऊ पेशींत साठलेला असतो. पानांत तयार झालेली साखर तिथवर पोचवायची, एवढंच रसवाहिनीचं काम.
'परिकाष्ठ'चं म्हणाल, तर आंब्याच्या झाडात ते खरंच लाकडाभोवती, सालीच्या आतल्या बाजूला असतं. मूळ शब्दांतही 'झायलेम' (जलवाहिनी) ग्रीकमधल्या लाकडावरून, 'फ्लोएम' (रसवाहिनी) सालीवरून. वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीनं १८५८ मध्ये केलेले. उसात आंब्यासारखं लाकूड आणि साल वेगळं नसतंच, तिथं हे नाव लटकं पडतं.

शिरोळचा ऊसवाला: पटलं. तुरा आलेला ऊस रानात राहिला की गाभा भेंडासारखा कोरडा पडतो, दशी पडली म्हणतो आम्ही. धागे जागेवर, रस गायब. पण ताई, जलवाहिनी नुसतं पाणीच नेती का? मग आमचं खत कुठनं चढतं?

वनस्पतीवाली: तिच्यातूनच. युरियाचं मातीत बरंचसं नायट्रेट होतं. ते आणि पोटॅश पाण्यात विरघळून मुळांतून वर जातं. नाव अपुरं आहे, चुकीचं नाही. तिच्या पेशी मेलेल्या, पोकळ. पानांतून वाफ जाते, त्या ओढीनं पाणी चढतं. रसवाहिनीच्या चाळणीनलिका, म्हणजे चाळणीसारखे पडदे असलेल्या नळ्या, जिवंत असतात, आणि तिची वाट वर-खाली दोन्हीकडे. पानांकडून मुळांकडे, तशीच लावलेल्या कांडीतून कोंबाकडे.

करवीरकर: मग सरळ 'अन्नवाहिनी' का नको?

जुना वैद्य: 'अन्ननलिका' शेजारीच बसलीय, पोरं घशात शोधतील! आणि रस म्हणजे फक्त पिळून निघतं ते नव्हे. आयुर्वेदात शरीर घडवणाऱ्या सात धातूंतला पहिला रस. पचलेल्या अन्नातून होतो आणि अंगभर फिरून बाकीच्यांना पोसतो. त्याच्या वाटांना 'रसवह स्रोतस' म्हणतात. त्या अर्थानं 'रसवाहिनी' चपखल आहे. रस म्हटल्यावर आपल्याला बर्फाचा ग्लास आठवतो, त्याला शब्द काय करणार?

शिरोळचा ऊसवाला: हे मात्र खरं. पोरीला दाखवायचं कसं पण?

वनस्पतीवाली: पावसाळ्यात तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवा. देठात लाल रेघा चढतील, त्या जलवाहिन्या. रसवाहिनी मात्र अशी शाईनं दिसायची नाही, तिला सूक्ष्मदर्शकच लागेल.