न्यू जर्सी: १७ वर्षांच्या मुलीला जूनच्या प्रायमरीत मत देता येईल का? (मदत हवी आहे)

आम्ही एडिसनला राहतो. मुलगी अकरावीत आहे, सप्टेंबर २०२६ मध्ये अठराची होईल. शाळेत मतदार नोंदणीवाले येऊन गेले, त्यांनी सांगितलं की या वर्षापासून सतरा वर्षांच्या मुलांनाही प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देता येतं. घरी आली ती फॉर्म नाचवतच. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चार जणांची पाच मतं. पेनसिल्व्हेनियातला दीर म्हणतो, असं काही नसतंच.

खरी अडचण वयाची नाहीच. मुलगी पुण्यात जन्मली, आमच्याबरोबर ग्रीन कार्डावर आली. नवऱ्याने गेल्या ऑगस्टात नागरिकत्वाची शपथ घेतली. मी अजून ग्रीन कार्डावरच. मुलीच्या पाकिटातही अजून ग्रीन कार्डच आहे, अमेरिकन पासपोर्ट काढलेला नाही. मग फॉर्मवर 'मी अमेरिकेची नागरिक आहे' यावर तिने खूण करायची की नाही?

शिवाय प्रायमरीत मत दिलं की तिच्या नावापुढे पक्ष लागतो म्हणे. हे खरं आहे का? साताऱ्याच्या आजोबांना तर प्रायमरी म्हणजे काय हेच समजावून मी दमले. शेवटी म्हटलं, इथे पक्षाचं तिकीट हायकमांड देत नाही, मतदार देतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

जर्सीकर_जुना:
शाळेतल्यांनी सांगितलं ते बरोबर. तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी जानेवारी २०२४ मध्ये सही केलेला कायदा २०२६ पासून लागू झालाय. ३ नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर २ जूनच्या प्रायमरीत १७ व्या वर्षी मत देता येतं. नोंदणीची शेवटची तारीख १२ मे. दीरही चूक नाहीत, पेनसिल्व्हेनियात ही सोय नाही. ओहायो, इलिनॉय, व्हर्जिनियात आहे. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये यावर जनमत घेतलं, लोकांनी नाही म्हटलं. प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा. आमचे चिरंजीव १० नोव्हेंबरचे, एका आठवड्याने हुकले! घरात तोंड फुगवून बसलेत.

मीनाक्षी_ओ:
ताई, तुमची मुलगी नागरिक झालेलीच आहे. मूल १८ च्या आतलं, ग्रीन कार्डधारक, आणि नागरिक झालेल्या आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात इथेच राहत असेल, तर त्या पालकाच्या शपथेच्या दिवशीच ते आपोआप नागरिक होतं. हा २००० सालचा कायदा, २००१ पासून लागू आहे. दोघांपैकी एक जण पुरे, तुमची शपथ झाली नाही तरी बिघडत नाही. त्यामुळे खूण करायला हरकत नाही. तरी मी असते तर पासपोर्टचा अर्ज आधी टाकला असता, उद्या कोणी विचारलं तर हातात कागद हवा. एन-६०० नावाचा अर्ज करून नागरिकत्वाचं वेगळं प्रमाणपत्रही मिळतं, पण त्याची फी हजार डॉलरच्या वर आहे. पासपोर्टवर भागतं. आणि आता तिने भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो सरेंडर करावा लागेल.

जर्सीकर_जुना:
पक्षाचं खरं आहे. आधी पक्ष निवडलेला नसेल तर मतदान केंद्रावर सांगावा लागतो आणि तो नोंदीत राहतो. मत कुणाला दिलं ते गुप्तच. पुढे पक्ष बदलायचा झाला तर पुढच्या प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म भरायचा. नोव्हेंबरात कुणालाही मत द्यायला मोकळी.

एच४_आई:
धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांची मुलं एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत किंवा ज्यांच्या घरी आई-वडील दोघंही अजून ग्रीन कार्डावर आहेत आणि मूल भारतात जन्मलंय, त्यांनी शाळेतून आलेला फॉर्म सरळ बाजूला ठेवावा. वर्गातले सगळे भरतात म्हणून आपलं पोरही भरतं. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहिणं इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं, पुढचं ग्रीन कार्डसुद्धा अडू शकतं. लायसन्स काढायला एमव्हीसीत (इथलं आरटीओच) गेल्यावरही मतदार नोंदणीचा विषय निघतो, तिथे मुलांना एकटं पाठवू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्ट ऑफिसात पासपोर्टची अपॉइंटमेंट घेतली. पोरगी आईच्या आधी मतदार होणार, हे ती रोज ऐकवतेय! शेवटचा प्रश्न: नवऱ्याचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मूळ न्यायचं की झेरॉक्स चालेल?

मीनाक्षी_ओ:
मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. मुलीचं ग्रीन कार्ड आणि जन्मदाखलाही न्या, दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. मूळ कागद पोस्टाने परत येतात, पासपोर्टच्या पाकिटात नसले तर घाबरू नका, वेगळे येतात. वय १७ आहे म्हणून तुमच्यापैकी एकाने सोबत जा.