अ‍ॅरिस्टॉटलचं गाव नक्की कुठलं? बाबांना घेऊन जायचंय

सोलापुरी_चादर: सप्टेंबरात ग्रीसमध्ये थेसालोनिकीला दिरांकडे जातोय. सोबत माझे बाबा, वय ७४. ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ आहे. त्यांना अथेन्स नको, सँटोरिनी तर नकोच, अ‍ॅरिस्टॉटलचं गाव बघायचंय. नकाशावर स्टॅगिरा दोन दिसतात, एक डोंगरात, एक समुद्राकाठी. खरं कुठलं? गुडघेदुखीवाल्याला जमेल का?

पायपीट: समुद्राकाठचं! मी पहिल्या खेपेला डोंगरातल्या गावातच उतरलो. पुतळ्याशेजारी फोटो काढला, बागेतल्या भिंगांशी अन् सूर्यघड्याळाशी खेळलो, धन्य होऊन परतलो. रात्री कळलं, हे नावापुरतं स्टॅगिरा. (तिथले लोक 'स्तायिरा' म्हणतात, विचारताना लक्षात ठेवा.) जुनं गाव तिथून सरळ रेषेत आठेक किलोमीटरवर, ऑलिंपियादा नावाच्या कोळीवाड्यालगतच्या भूशिरावर. थेसालोनिकीहून शंभरेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी परत गेलो, बायकोची बोलणी खात.

दोन टेकड्या, मधे खिंड, तिन्ही बाजूंनी पाणी. इ.स.पू. सातव्या शतकात अँड्रोस बेटावरच्या लोकांनी वसवलेलं. ३८४ मध्ये हा जन्मला, सतराव्या वर्षी अथेन्सला गेला. ३४८ च्या सुमारास अलेक्झांडरच्या बापाने, फिलिपने, गाव उद्ध्वस्त केलं. पुढे अ‍ॅरिस्टॉटलच्या शब्दाखातर पुन्हा बांधून दिलं, असं प्लुटार्क हा जुना चरित्रकार सांगतो. म्हणजे पाडणाराच बांधणारा.

दक्षिणेकडच्या टेकडीवर तटबंदी चांगली शाबूत आहे. चढ आहे, पायाखाली दगड, सावली बेताची. बाबांना सकाळी लवकर न्या, काठी द्या. वर नाही गेले तरी खालच्या स्तंभमंडपाच्या अवशेषांपाशी निवांत बसता येईल. मी तिथे तासभर नुसता बसलो होतो.

ठोकताळा: एवढ्या लांब जाऊन दगडच बघायचे?

पायपीट: रायगडावर काय बघता?

उंबरठा: तिथे त्याची समाधी सापडली ना? २०१६ मध्ये बातमी होती.

पायपीट: नालेच्या आकाराची एक इमारत आहे. उत्खनन करणाऱ्या सिस्मानिदिसांचं मत तसं होतं. पण नाव कोरलेला एकही दगड मिळालेला नाही. तर्कशास्त्राच्या मास्तरांना तेवढ्यावर पटायचं नाही. मला विचाराल तर समाधीपेक्षा मृत्युपत्र जास्त भिडतं. हर्पिलिस या आपल्या सोबतिणीला तो लिहून ठेवतो, खाल्किस शहरात राहायचं तर बागेजवळची खोली, स्टॅगिराला राहायचं तर माझ्या वडलांचं घर. वडील राजवैद्य होते. ते घर यातलं कुठलं, या विचारात मी प्रत्येक जोत्यापाशी थांबत होतो.

सोलापुरी_चादर: बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "गुलामांचं काय लिहिलंय, ते विचार."

पायपीट: सरांनी बरोबर पकडलं! काहींना मुक्त केलंय. सेवेत असलेल्या मुलांना विकू नका, वयात आल्यावर लायकीप्रमाणे सोडा, असंही आहे. 'काही माणसं जन्मतःच गुलाम' म्हणणारा हाच गृहस्थ. यावर सरांचं काय म्हणणं ते इथे नक्की टाका. आणि हो, चपला नकोत, बूट घाला.